लाळ, रक्त, अस्थी : शुचितेकडून अनुमानाकडे

हाडांच्या विकारांत रक्ताऐवजी लाळ तपासून भागेल काय, हा प्रश्न वरवर पाहता प्रयोगशाळेचा आहे आणि त्याचे उत्तर मोजमापानेच द्यावे लागेल, यात शंका नाही. परंतु ज्या समाजात तोंडातून बाहेर पडलेला थेंब, अंगातून वाहिलेले रक्त आणि देहापासून सुटलेले हाड या तिन्हींच्या स्पर्शाविषयी सविस्तर विधिनिषेध रचले गेले, त्या समाजात एका द्रवाच्या जागी दुसरा ठेवताना दोन निराळे प्रश्न नकळत एकमेकांत मिसळतात. कोणता द्रव शुद्ध, हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे. कोणता द्रव खरे सांगतो, हा ज्ञानमीमांसेचा, म्हणजे एखादे ज्ञान प्रमाण कशामुळे ठरते याचा शोध घेणाऱ्या शास्त्राचा प्रश्न आहे. या दोहोंची गाठ सोडवून पाहायला पुणे शहर सोयीचे आहे, कारण धर्मशास्त्राचा इतिहास, न्यायशास्त्राचा कोश, पाली ग्रंथांचे अध्ययन आणि हाडांच्या वाढीवरचे आधुनिक संशोधन या चारही गोष्टींचा या शहराशी संबंध आहे, आणि लाळेच्या नावाखाली माणसाला किती खाली ढकलता येते याचा इतिहासही याच शहराच्या नावाशी जोडलेला आहे.

प्रथम वैद्यकाची बाजू. हाड ही एकदा घडून संपलेली वस्तू नव्हे. प्रौढ माणसाच्या अस्थिपंजराचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी झिजवला जातो आणि नव्याने भरला जातो. हाड झिजवणाऱ्या पेशी आपले काम करतात तेव्हा कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे बारीक तुकडे सुटून रक्तात येतात, आणि त्यांपैकी एका तुकड्याला प्रयोगशाळेच्या भाषेत सीटीएक्स म्हणतात; हाड भरणाऱ्या पेशी कोलॅजेन विणतात तेव्हा त्याच्या टोकाचा जो भाग कापला जातो तो पीवनएनपी या नावाने मोजला जातो. रक्तातील या दोन दर्शकांना, म्हणजे एखाद्या न दिसणाऱ्या घडामोडीची खूण म्हणून मोजल्या जाणाऱ्या पदार्थांना, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०११ साली संदर्भदर्शक म्हणून स्वीकारण्याची शिफारस केली. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ आणि ठिसूळ होण्याचा विकार, रक्त तपासून ठरवला जातच नाही. तो ठरतो तो डेक्सा या क्षकिरणांच्या तपासणीत मिळणाऱ्या घनतेवरून, आणि तरुण निरोगी व्यक्तींच्या सरासरीपेक्षा प्रमाण विचलनाच्या अडीच पट किंवा त्याहून अधिक खाली घसरलेली घनता हा त्याचा निकष जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ साली घालून दिला. रक्तातील दर्शक उपयोगी पडतात ते मुख्यतः उपचार लागू पडतो आहे की नाही हे पाहण्यासाठी, आणि म्हणूनच ते पुन्हापुन्हा मोजावे लागतात. लाळेचा विचार पुढे येतो तो या पुन्हापुन्हामुळे.

दोन्ही नमुने घेण्याची रीत शेजारी ठेवून पाहिली की हा विचार का सुचला ते कळते. सीटीएक्स जेवणानंतर उतरतो आणि दिवसभरात वरखाली होतो, त्यामुळे रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावे लागते. एकादशीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, या उपाशीपोटाला ती चालत नाही, हे पुण्यातल्या लॅबवाल्यांना वेगळे समजावून सांगावे लागते. दंडाला पट्टा आवळायचा, मूठ मिटायला सांगायची, कोपराच्या खळीत शीर चाचपायची, आणि वय झालेल्या, सुरकुतलेल्या हातात शीर सापडली नाही की मनगटाच्या मागे दुसरी टोचणी, हा क्रम ठरलेला. लाळेच्या नमुन्यासाठी साध्या पाण्याने चूळ भरून काही मिनिटे थांबायचे, मान पुढे झुकवून खालच्या ओठामागे लाळ साठू द्यायची आणि ती जोर न लावता एका छोट्या नळीतून कुपीत ओघळू द्यायची; वर आलेला फेस मोजमापात धरत नाहीत, आणि नमुना गोठवून नंतर वितळवला की त्यातील चिकट भाग यंत्रात फिरवून तळाशी बसवतात. मुडदूस झालेले लहान मूल किंवा मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आजी यांच्या दृष्टीने या दोन रीतींमधला फरक लहान नाही.

तरीही दुसरी रीत पाहणाऱ्याच्या अंगावर किंचित शहारा येतो, आणि पहिलीत रक्त असूनही तो सहसा येत नाही. या शहाऱ्याचे शास्त्र भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात शोधता येते. १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने तो प्रसिद्ध केला, आणि त्याच्या १९५३ सालच्या चौथ्या खंडात अशौच, शुद्धी, प्रायश्चित्त आणि कर्मविपाक या विषयांचा परामर्श आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात देहाचे बारा मल सांगितले आहेत, आणि त्यांत मलमूत्र, घाम, अश्रू यांच्या पंक्तीत रक्त आणि हाडातील मज्जा यांचीही गणना आहे. म्हणजे आधुनिक वैद्यकाने ज्या रक्ताला विश्वासाचे स्थान दिले ते स्मृतीच्या लेखी, देहाबाहेर आले की, कफाहून वरचढ नाही. त्याच अध्यायात असेही सांगितले आहे की बोलताना तोंडातून उडून स्वतःच्याच अंगावर पडलेल्या तुषारांनी माणूस उष्टा होत नाही. मानवी अस्थीचा स्पर्श झाला तर ती ओलसर, स्निग्ध असल्यास स्नान करावे आणि कोरडी असल्यास आचमन करून गाईला स्पर्श करावा किंवा सूर्याकडे पाहावे, असा बारीक भेदही तेथे केलेला आढळतो. या नियमांकडे ओळीने पाहिले की एक गोष्ट उघड होते. अशुद्धी पदार्थाच्या घटकांत मानलेली नाही, ती त्याच्या ठिकाणात मानलेली आहे. तोंडातील लाळ माणूस अहोरात्र गिळतो आणि तिला कोणी अशुद्ध म्हणत नाही. जिवंत माणसाची हाडे त्याच्याबरोबर देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जातात. वैकुंठ स्मशानभूमीतून गोळा केलेल्या त्याच अस्थी आळंदीला इंद्रायणीत सोडेपर्यंत घरात नेत नाहीत.

हा विचार केवळ स्मृतिकारांचा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५५ साली वाचकांना एक कल्पना करून पाहायला सांगितली होती: तोंडातील लाळ गिळणे आणि तीच लाळ पेल्यात काढून पुन्हा पिणे यांत पदार्थ एकच असूनही एक कृती मुळीच जाणवत नाही आणि दुसरी असह्य वाटते, याचा अर्थ ओठांची सीमा ओलांडताच जे स्वतःचे होते ते परके झाले. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९६६ साली याच धाग्यावर मांडले की घाण म्हणजे आपल्या जागेवरून सुटलेली वस्तू, आणि देहाच्या द्वारांवरचे पहारे हे पुष्कळदा समाजाच्या वेशीवरच्या पहाऱ्यांचे प्रतिबिंब असते. डग्लसबाईंचे हे दुसरे विधान पुण्याला जितके लागू पडते तितके फार थोड्या शहरांना पडेल.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि तेथे होऊ न शकलेल्या, पण १९३६ साली पुस्तकरूपाने निघालेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोंदवले आहे की पेशव्यांच्या राजधानीत, म्हणजे पुण्यात, अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आपली पावले पुसत जावे लागे आणि गळ्यात मातीचे मडके अडकवून थुंकी त्यातच टाकावी लागे, कारण ती जमिनीवर पडली आणि नकळत एखाद्या सवर्णाचा पाय तिच्यावर पडला तर तो विटाळला जाई. या मडक्यामागचा तर्क नीट उलगडून पाहिला पाहिजे. सर्वसाधारण उष्ट्याच्या नियमात कोणाचीही लाळ बाहेर आली की सारखीच दूषित मानली जाते आणि स्नान, आचमन, धुणे यांनी तो दोष जातो. मडक्याच्या नियमात मात्र लाळेला माणसाच्या जन्माची वाहक मानले आहे. ती ज्याची आहे त्याचे सामाजिक स्थान तिच्यात उतरलेले असते, जमिनीत मुरूनही टिकते आणि तळपायातून दुसऱ्यापर्यंत पोहोचते, असा हा दावा आहे. थेंबात संपूर्ण माणूस वाचता येतो, असे म्हणणारी ही एक तपासणीच होती, फक्त तिचे निदान नमुना घेण्याआधीच ठरलेले होते. आजची प्रयोगशाळाही थेंबात माणूस वाचू पाहते, तेव्हा दोन्हींतील फरक कुपी निर्जंतुक असते आणि मडके नव्हते एवढ्यावर उभा राहत नाही. तो उभा राहतो तो निष्कर्ष खोटा ठरू शकतो की नाही यावर. मडक्यातील थुंकीने मडके वाहणाऱ्याविषयी काही वेगळे सिद्ध होण्याची वाटच बंद ठेवलेली होती.

याच्याशी २०१८ सालच्या एका घटनेची तुलना करण्याचा मोह होतो. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे महानगरपालिकेने रस्त्यावर थुंकणाऱ्यांकडून दंड घेण्याबरोबरच त्यांची पिंक त्यांनाच पुसायला लावण्यास सुरुवात केली. वरून पाहता येथेही माणूस आणि त्याची थुंकी यांची गाठ बांधली जाते, पण शिक्षा कृत्याला आहे, जन्माला नाही. क्षयासारखा रोग थुंकीतून आणि श्वासातून पसरतो हे वेगळ्या पुराव्याने ठाऊक आहे. आणि पुसून झाले की प्रकरण मिटते. तरीसुद्धा भर रस्त्यात वाकून पुसणाऱ्या माणसाचे छायाचित्र काढण्यात जी हौस दिसून येते ती सार्वजनिक आरोग्याची म्हणणे कठीण आहे.

शहरातील इतर धर्मपरंपरांत लाळेचा विचार वेगळ्या कारणांनी झाला आहे. पारशी अग्यारीत मोबेद, म्हणजे धर्मगुरू, पवित्र अग्नीपुढे उभा राहताना नाकातोंडावर पदान हे पांढरे वस्त्र बांधतो, जेणेकरून श्वास आणि तुषार अग्नीला दूषित करणार नाहीत. स्थानकवासी जैन साधूंच्या मुखावरील मुहपत्तीमागे मुख्य भूमिका अहिंसेची आहे. शिवाय जैन आगमपरंपरेत देहाबाहेर टाकलेल्या कफ, रक्त, मूत्र अशा सर्वच द्रवांत अल्पावधीत सूक्ष्म जीव उत्पन्न होतात असे मानले असल्यामुळे, त्या दृष्टीने रक्ताची कुपी आणि लाळेची कुपी एकाच पायरीवर येतात. इस्लामी धर्मशास्त्रात स्वतःची लाळ गिळल्याने रोजा मोडत नाही, आणि तपासणीपुरते रक्त काढण्यानेही तो मोडत नाही असे बहुतेक विद्वान मानतात, जरी तुंबडी लावून रक्त काढण्याविषयी मतभेद आहेत. एवढ्यावरून इतके म्हणता येते की लाळेची तपासणी स्वीकारण्यात कोणत्याही परंपरेचा मूलभूत अडसर नाही. करोनाच्या साथीत तर नागपूरच्या नीरी या संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून नमुना घेण्याची रीत बसवली आणि २०२१ साली तिला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मान्यता मिळाली, तेव्हा गुळणी करून नळीत सोडताना कोणाचे सोवळे आडवे आल्याचे ऐकिवात नाही.

धर्माचा अडसर नाही म्हटल्यावर ज्ञानाचा प्रश्न स्वच्छ उरतो, आणि त्याकडे वळताना बौद्ध परंपरेतील एका विचाराचा मोठा उपयोग होतो. धर्मानंद कोसंबी १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते आणि पुढे ज्या विसुद्धिमग्गाच्या संपादनाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या बुद्धघोषाच्या ग्रंथात देहाच्या बत्तीस भागांवरचे ध्यान विस्ताराने सांगितले आहे. केस, नखे, दात यांपासून सुरू होणाऱ्या त्या यादीत अस्थी, अस्थिमज्जा, रक्त आणि लाळ ही सर्व एका रांगेत येतात. कोणाला मान नाही, कोणाला अपमान नाही. त्याच ग्रंथात धातूंच्या विवेचनात एक वारंवार येणारा मुद्दा असा की हे भाग एकमेकांना जाणत नाहीत: हाडाला आपण मांसाने वेढलेले आहोत हे कळत नाही आणि मांसाला आपण हाडावर लिंपलेले आहोत हे कळत नाही. भिक्षूला आसक्ती सोडवण्यासाठी हे सांगितले असले तरी तपासणीच्या तत्त्वज्ञानातही ते अगदी नेमके बसते. रक्त सांगते, लाळ सांगते, अहवाल बोलतो, असे रोजच्या व्यवहारात म्हटले जाते. वस्तुतः रक्ताला हाडाची खबर नसते आणि लाळेला रक्ताची. जो जाणतो आणि सांगतो तो साक्षीदार, आणि त्याचे वचन हे शब्दप्रमाण. द्रवाच्या ठिकाणी यांतले काहीच नाही. द्रव हा फार तर हेतू, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे ती खूण.

खूण म्हटली की भारतीय तर्कशास्त्राने तिची पारख करण्याचे नियम घालून ठेवले आहेत, आणि भीमाचार्य झळकीकरांच्या ज्या न्यायकोशाची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती भांडारकर संस्थेने १९२८ साली काढली, त्यात त्या नियमांच्या संज्ञा चाळता येतात. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, कारण जेथे धूर तेथे अग्नी हे साहचर्य कधी मोडत नाही. या अखंड साहचर्याला व्याप्ती म्हणतात. खूण जर साध्याच्या, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याच्या, अभावातही आढळत असेल तर ती सव्यभिचार ठरते. ती भरकटलेली खूण होय. उलट अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही, कारण लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. तेथे ओल्या सरपणाची एक लपलेली अट असते, आणि अशा अटीला उपाधी म्हणतात. आता लाळेत सीटीएक्स वाढलेला सापडला, यावरून अस्थिपंजर झिजतो आहे असे अनुमान करता येईल काय?

येथे लाळेच्या घडणीकडे पाहावे लागते. दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर तयार होणाऱ्या या द्रवाचा जवळजवळ ९९ टक्के भाग पाणी असतो, आणि रक्तातील पदार्थ त्यात एकाच वाटेने येत नाहीत. कॉर्टिसोलसारखी चरबीत विरघळणारी संप्रेरके, त्यातही प्रथिनांना न चिकटलेला त्यांचा मुक्त अंश, ग्रंथींच्या पेशींमधून सहज पाझरतो. म्हणूनच रात्री उशिरा घेतलेल्या लाळेतील कॉर्टिसोल हे कुशिंग या विकाराच्या प्राथमिक तपासण्यांपैकी एक मानले जाते, आणि त्या विकारात हाडेही झिजत असल्यामुळे हाडांच्या परिसरातील लाळेचे हे सर्वांत पक्के यश म्हणता येईल. ड जीवनसत्त्वाची कथा उलटी आहे. रक्तात ते जवळजवळ सगळेच प्रथिनांना बांधलेले असते, त्यामुळे लाळेत त्याचा इतका सूक्ष्म अंश उतरतो की तो पकडायला अतिसंवेदनशील यंत्रे लागतात. प्रथिने आणि त्यांचे तुकडे यांचा बराचसा भाग हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीतून झिरपतो, आणि अडचण नेमकी तेथे उभी राहते. कारण दात ज्या हाडात रोवलेले असतात तेही कोलॅजेनचेच बनलेले आहे, आणि पायरियात, म्हणजे हिरड्यांच्या जुनाट सुजेत, ते हाड झिजते व त्याचे तुकडे थेट तोंडात उतरतात. पाठीचा कणा आणि खुबा ठणठणीत असलेल्या माणसाच्या लाळेतही मग हाड झिजल्याची खूण मिळेल. ही खूण सव्यभिचार झाली. आणि दर्शक रक्तावाटेच आलेला असणे ही येथली लपलेली उपाधी आहे, जी कुपीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

महाराष्ट्रात या उपाधीला आणखी घरगुती रूपे आहेत. भाजलेल्या तंबाखूची मिशरी हिरड्यांवर घासण्याची सवय असंख्य बायकांना असते, आणि मिशरीने हिरड्या बिघडतात. ज्या वयात हाडांची चौकशी सर्वाधिक गरजेची त्याच वयातल्या बायकांची लाळ त्यामुळे सर्वांत कमी भरवशाची ठरू शकते. पानाला लावलेला चुना हे कॅल्शियमचेच संयुग आहे, आणि पान खाणाऱ्याच्या तोंडातील कॅल्शियम मोजून त्याच्या हाडांविषयी बोलणे म्हणजे पानदानाची तपासणी करणे होय. म्हातारपणी आणि कित्येक औषधांमुळे तोंड कोरडे पडते, लाळ कमी व घट्ट होते, आणि मग दर लिटरमागे निघणारा आकडा हाडांपेक्षा लाळेच्या प्रवाहाचे मोजमाप होऊन बसतो. हिरडीतून रक्त येत असेल तर नमुना टाकून द्यावा लागतो, आणि येथे प्रयोगशाळेचा स्वतःचा विटाळ पाहायला मिळतो: तिला शुद्ध लाळ हवी असते, आणि तिच्या दृष्टीने शुद्ध लाळ म्हणजे जिला रक्त शिवलेले नाही अशी लाळ. फरक एवढाच की हा विटाळ कशाने होतो हे रसायनाने दाखवता येते.

यावरून रक्ताला बिनशर्त श्रेष्ठत्व द्यावे, असे मात्र म्हणता येत नाही. रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) हाडाच्या उलाढालीने वाढते तसे यकृताच्या बिघाडानेही वाढते, मूत्रपिंड थकले की सीटीएक्स साठून राहतो, आणि कालच मोडलेले हाड भरून येताना सीटीएक्स आणि पीवनएनपी हे दोन्ही दर्शक महिनोन्‌महिने चढलेले राहतात. रक्ताच्याही खुणा भरकटतात. परंतु कोठे भरकटतात याचा हिशेब दीर्घकाळ मांडून ठेवलेला आहे, लाळेचा तो हिशेब अजून अपुरा आहे. लाळेत हाडांचे दर्शक मोजता येतात हे संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकातच दाखवले, पण मोजता येणे आणि त्यावरून निर्णय करता येणे यांमध्ये व्याप्तीचे अंतर आहे. आयुर्वेदात पाहिले तर सुश्रुताने रक्ताला देहाचे मूळ म्हटले आणि सप्तधातूंच्या क्रमात रस, रक्त, मांस, मेद यांच्यानंतर पाचवे स्थान अस्थीला मिळाले, तर लाळ ही कफाची बाब आणि कफ हा रसधातूचा मल. म्हणजे या क्रमाने लाळ अस्थीपासून रक्ताहूनही एक पायरी दूर पडते. या क्रमाची जीवरसायनाशी सांगड घालून ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते’ असे म्हणण्याची हौस आवरलेली बरी, कारण त्याच ग्रंथांत केस आणि नखे हे अस्थीचे मल मानले आहेत.

आणखी एक प्रश्न सुईच्या निमित्ताने निघतो. रक्त द्यायचे तर दंड पुढे करावा लागतो, आणि त्या पुढे करण्यात संमती उघड दिसते. लाळ चहाच्या पेल्याच्या काठावर राहते आणि मालकाला न विचारता उचलता येते, तिच्यात जनुकेही असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी मानवी जैविक नमुने घेताना संमती आवश्यक आहे, मग नमुना कोणताही असो. वेदनेशिवाय मिळणारी वस्तू फुकटची समजण्याची माणसाची जी सवय आहे, तिला आवर घालण्याचे काम पूर्वी काही अंशी टोचणीची भीती करीत होती, हे लक्षात ठेवावे लागेल.

शेवटी काळाचा मुद्दा राहतो, आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने तोच अधिक खोल आहे. रक्तातील असो वा लाळेतील, दर्शक आजची उलाढाल दाखवतो. डेक्सा आजवरचा साठा दाखवते. कर्मसिद्धांताच्या परिभाषेत पहिले क्रियमाण, म्हणजे सध्या घडत असलेले, आणि दुसरे संचित, म्हणजे पूर्वी घडून साठलेले. देहावरच्या खुणांतून संचित वाचण्याची खटपट स्मृतींनीही केली होती. कर्मविपाकाच्या प्रकरणांत मद्यपी काळ्या दातांचा आणि सोने चोरणारा खराब नखांचा जन्मतो असे सांगून रोगाला मागच्या जन्मीच्या कृत्याची पावती ठरवले होते. हाडांच्या बाबतीत हे संचित कोणाचे, हा प्रश्न पुण्याजवळच्याच एका अभ्यासाने अवघड करून ठेवला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला, त्यांच्या मुलांचा पुढे पाठपुरावा केला, आणि मुले सहा वर्षांची झाल्यावर डेक्साने त्यांची हाडे मोजली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की ज्या आयांनी गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळे असे कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळा खाल्ले होते त्यांच्या मुलांच्या हाडांचे वस्तुमान अधिक भरले. शहरात जहांगीर रुग्णालयाच्या आवारातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्था मुलांच्या वाढीवर आणि अस्थिआरोग्यावर जे काम करीत आली आहे, त्यातही आहार आणि ऊन यांचा असाच माग काढलेला दिसतो.

भारतीय दर्शनांत कृतहानी आणि अकृताभ्यागम असा एक दोष सांगितला आहे: केलेल्याचे फळ न मिळणे आणि न केलेल्याचे फळ पदरी येणे. हा दोष टाळण्यासाठीच पुनर्जन्माचा युक्तिवाद केला जातो. सहा वर्षांच्या मुलाच्या कण्यात आईच्या ताटाचे फळ उतरते, तेव्हा अकृताभ्यागम डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि त्या मुलाने पूर्वकर्मानुसारच ती आई मिळवली असे परंपरेचे उत्तर त्यावर तयार असते. त्या उत्तराने सिद्धांत वाचतो, पण त्या बाईच्या ताटात दूध आठवड्यातून किती वेळा आले आणि का, ही चौकशी बाहेरच राहते. अभ्यासाला ती चौकशी करता आली, कारण त्यातील कार्यकर्त्यांनी गावोगावच्या गरोदर बायांना कोणता पदार्थ किती वेळा खाल्ला हे विचारले होते आणि त्यांनी सांगितले तसे लिहून घेतले होते. न्यायशास्त्राच्या भाषेत ते अनुमान नव्हते, ज्याला ठाऊक आहे त्याच्या तोंडून मिळालेले शब्दप्रमाण होते.